घोडीची झूल आणि माझं घोंगडं

आमचे हे लढाईवरून पत्र पाठवायचे, तेव्हा पहिल्या ओळीत घोडी असायची. घोडी कशी आहे, दाणा खाते का, थंडीत तिला जपा. दुसऱ्या ओळीत वडिलांना शिरसाष्टांग नमस्कार, तिसरीत उसाची चौकशी, आणि चौथीत 'बाकी घरची सर्व मंडळी खुशाल असतील.' घरची सर्व मंडळी म्हणजे मी! सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच वारलेल्या, दीर-नणंद कोणी नाही. घरात सासरे आणि मी अशी दोनच माणसं. त्यात सातवी झालेली सून म्हणून पत्र मोठ्यानं वाचायचं कामही माझंच. म्हणजे आपल्याच तोंडानं आपल्याला चौथ्या ओळीत टाकायचं. तळपायाची आग मस्तकात जायची. पण पत्राची घडी फडताळात ठेवली की त्याच घटकेपासून पुढच्या पत्राची वाट बघायला लागायचे, हेही तितकंच खरं.

आमचं गाव आष्ट्यापासून दोन कोसांवर, काळ्या रानाचं, उसाचं. माझं माहेर जतच्या बाजूला, माळरानाचं. तिकडे अर्धं बोलणं कानडी, ज्वारी पावसाच्या भरवशावर आणि मेंढरं मात्र मुबलक. त्यामुळे 'दुष्काळातली सून' हे नाव मला पहिल्याच दिवशी मिळालं होतं. मीही कमी नव्हते. विहिरीवर कुणी तसं म्हटलं की म्हणायचे, "दुष्काळातली हाय म्हणून तर तुमचं एवढं पाणी बगून जीव घाबरतोय. बेडकं कशी होत न्हाईत तुमची?"

घोडी म्हणतो एवढंच, खरं तर ते तट्टू. तांबड्या रंगाचं, पाठ माझ्या खांद्याला लागेल एवढ्या उंचीचं. ह्यांनी ती शिंगरू असताना आणून वाढवली होती. तिच्यावर बसून हे रानात जायचे, आष्ट्याच्या बाजाराला जायचे. फौजेत निघाले तेव्हा सगळ्यांच्या देखत वडिलांना म्हणाले, "मी येईन तवा हिला टेसनावर आणा. हिच्यावर बसूनच घरी येनार." वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायची रीत नव्हती. मग घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिले आणि तिलाच म्हणाले, "नीट ऱ्हा. जेवत जा. मी येतोच." मी दाराच्या फळीआड उभी. ते घोडीला होतं की मला, यावर मी पुढे कितीतरी दिवस घालवले.

ही बोलण्याची रीत सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. सुनेनं सासऱ्यांशी तोंडासमोर बोलायचं नाही. सासूबाई असत्या तर त्यांच्यामार्फत बोलले असते. त्या नव्हत्या. म्हणून मी गोठ्यात जायचे, पदर पुढे ओढायचे आणि घोडीला सांगायचे, "भाकरी झाल्यात बाई. ताट वाढलंय, निवून जाईल." मामंजी ओट्यावरून ऐकायचे, खाकरायचे आणि तेही घोडीलाच सांगायचे, "आज कोरड्यासात मीठ जरा बेतानं पडू दे म्हणावं." असा आमचा संसार घोडीच्या कानातून चालायचा. शेजारीण म्हणायची, "तुमच्या घरची कारभारीण चार पायांची हाय बाई!"

मामंजी रिसाल्यातले, म्हणजे घोडदळातले, दफेदार. पेन्शनीत येऊन पंधरा वर्षं झाली तरी त्यांच्या अंगातला रिसाला उतरला नव्हता. सकाळ-संध्याकाळ घोडीला खरारा. मग पांढरा रुमाल तिच्या अंगावरून फिरवून बघायचे, आणि रुमालाला मळ लागला तर स्वतःवरच चिडायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर पत्रं थांबली. एक महिना गेला, दुसरा लागला. मामंजी साताऱ्याला फौजी कचेरीत जाऊन आले. जोडे काढायच्या आधी गोठ्यात गेले आणि घोडीला म्हणाले, "कुटल्याच यादीत नाव न्हाई. मेलेल्यांत न्हाई, जखमींत न्हाई, धरलेल्यांत न्हाई." मी चुलीपुढे बसून ते ऐकलं. लाकूड विझलं होतं, फुंकायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंकेतून दोन मुठींची केस कापायची मशीन काढली आणि घोडीचे सगळे केस उतरवले. कानापासून शेपटीपर्यंत. रिसाल्यात म्हणे थंडीच्या आधी सगळ्या घोड्यांची हजामत व्हायची, म्हणजे घाम लवकर वाळतो आणि अंग साफ राहतं. मला आता वाटतं, त्या माणसाला हाताला काहीतरी काम हवं होतं. पण तेव्हा मला घोडी बघून रडूच आलं. सोललेल्या रताळ्यासारखी दिसत होती बिचारी. "काय दशा केली गं तुझी," मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. ओट्यावरून उत्तर आलं, "झूल हाय की तिला!"

झूल होती खरी. जाड किंतानाची, आतून नमद्याचं, दाबलेल्या लोकरीचं, अस्तर, कातडी पट्टा, पितळी बक्कल. पण ती झूल चालायची घड्याळावर. संध्याकाळी सहाला अंगावर, सकाळी आठला खाली. बाहेर काय चाललंय याच्याशी झुलीचा संबंध नाही. आमच्याकडे त्या दिवसांत उसाच्या रानावर धुकं बसलं की नऊ-नऊ वाजता समोरचं झाड दिसत नाही. मामंजी आठच्या ठोक्याला झूल उतरवायचे आणि घोडी उघड्या अंगानं कुडकुडत उभी. दुपारी ऊन असं की डोक्यावर पदर घ्यावा लागे. तिसऱ्या प्रहरी वारं फिरायचं, आभाळ भरून यायचं, कधी चार थेंब पडायचे, कधी नाही. एका दिवसात तीन ऋतू, आणि घोडीच्या अंगावर स्वतःचा केस एक नाही!

माझ्याकडे माहेरचं नवंकोरं घोंगडं होतं. काळ्या लोकरीचं, चिंचोक्याच्या खळीत घोळवलेलं. घोंगड्याला तोड नाही, हे आमच्या जतकडे शेंबडं पोरही सांगेल. पावसात पाणी वरच्यावर निथळतं, थंडीत ऊब देतं, उन्हात डोईवर घेतलं तर ऊनही लागत नाही. मी ते घोडीवर टाकलं. पण नवं घोंगडं खळीनं ताठ, पापडासारखं. घोडी हलली की घसरायचं, मानेच्या मागं घासायचं. आणि तिला त्या खळीची गोडी लागली. मान वळवून वळवून चाटत बसायची. मामंजींना आयतंच सापडलं. "काय गं, घोंगडं खातीस? घरात दाणा मिळत न्हाई जणू?" मी तोंडात पदर धरून हसले आणि मग हसू आल्याचाच राग आला.

माझा मात्र कशात पाय ठरेना. चूल सोडून दहा वेळा अंगणात. आभाळाकडं बघायचं आणि घोडीचं पांघरूण बदलायचं. ढग आला, घोंगडं. ऊन आलं, काढ. वारं सुटलं, गोणपाट. गोणपाट भिजलं, माझी गोधडी. गोधडीनं पाणी प्यालं, ती जड झाली, मग ती वाळत टाकून पुन्हा घोंगडं. कवठाच्या फांदीवर चार-चार पांघरुणं लोंबायची. येणारी-जाणारी विचारायची, "घोडीचं लगीन हाय व्हय गं?" हसा खुशाल! मला पत्र आणता येत नव्हतं, लढाई थांबवता येत नव्हती. हातात एवढी एकच गोष्ट होती. घोडीला थंडी लागू द्यायची नाही, ह्यांनी लिहिलं होतं ना तसं.

मामंजींना माझी ही उठबस सोसेना, मला त्यांचं घड्याळ सोसेना. एक दिवस चांगलीच जुंपली. मधे घोडी, अलीकडे मी, पलीकडे ते, आणि बिचारी घोडी दोन्हीकडून बोलणी खातेय. शेवटी ते म्हणाले, "सांग तिला. आजपास्नं माज्या झुलीला तिनं हात लावायचा न्हाई. तिच्या घोंगड्याला मी लावनार न्हाई." मी म्हणाले, "सांग त्यास्नी, कबूल हाय." घोडीनं कान हलवले.

पौषातली गोष्ट. सकाळी धुकं, वर आभाळ, झोंबणारं वारं. मी घोडीवर घोंगडं टाकलं. मामंजी आले, त्यांनी वरून झूल चढवली आणि पट्टा आवळला. आठचा नियम त्या दिवशी त्यांनीच मोडला होता, इतकं गारठलं होतं. मग घोडीला तोडणी झालेल्या उसाच्या रानात चरायला सोडलं. ते गुऱ्हाळावर गेले, मी शेजारणीबरोबर आष्ट्याच्या बाजाराला. बाजार निमित्त होतं, मला पोस्टात जायचं होतं. पोस्टात मान हलली. नाही. येताना दोन कोस मी शेजारणीच्या पुढे पुढेच चालत आले.

आलो तेव्हा दुपार झाली होती आणि आभाळ निवळून लख्ख ऊन पडलं होतं. वाटेवरूनच घोडी दिसली. मान खाली घालून उभी, चरत नव्हती. अंगावर घोंगडं आणि वर झूल. मी थांबले. घोंगडं काढायचं तर आधी झूल सोडायला हवी. झूल त्यांची. अट त्यांनी घातली होती, मी नव्हती घातली! आणि पोस्टातून तशी परत आलेली मी, मला कुणावर तरी रागवायचंच होतं. घोडी अंगणात असती तर तिच्या कानात चार शब्द सोडले असते, ते त्यांच्या कानावर गेले असते. पण घोडी रानात आणि ते गुऱ्हाळावर. म्हटलं, ज्याचं त्यानं बघावं. घरी जाऊन भाकरी थापत बसले.

गुऱ्हाळावरून मामंजींनाही घोडी दिसत होती. नंतर ते मला म्हणाले, "आत तुजं घोंगडं हुतं. मला वाटलं, तू आलीस, आता काढशील." अशी आमची अक्कल.

तिसऱ्या प्रहरी वारं फिरलं आणि पौषात पडू नये तो पाऊस आला, चांगला सडासडा. मी घरातून धावले, मामंजी गुऱ्हाळावरून. दोघं एकदमच पोचलो. त्यांनी पट्टा सोडून झूल आणि घोंगडं एका हिसक्यात ओढून काढलं. आत घामाचा फेस होता. वाफ निघत होती तिच्या अंगातून, आणि त्यावर ते गार वारं आणि पाऊस. घोडी पायापासून कानापर्यंत थरथरायला लागली. घरी आणेपर्यंत ती खोकत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं दाण्याला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नाकपुड्या फुगायच्या, बरगड्या भात्यासारख्या चालायच्या. मी सरळ सांगते, मला वाटलं, घोडी गेली तर हे परत येत नाहीत. वाटलं काय, खात्रीच झाली. कुणी वेडी म्हणावं. आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं म्हणून ती मरणार, म्हणजे ह्यांना मीच मारलं. मामंजींच्या मनातही तेच होतं. ते ओट्यावर पाठ करून बसले होते आणि त्यांनी दोन दिवस दाढी केली नव्हती. त्यांचं असं मी कधी पाहिलं नव्हतं. घोडीशी बोलायला आमच्या दोघांचीही जीभ उचलेना, म्हणून घरात बोलणंच थांबलं.

आमच्या वरच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. दर वर्षी आटपाडीकडचे तेच धनगर यायचे. त्यांच्यात एक म्हातारी होती, घोड्यांची सगळी देखभाल तिच्याकडे. त्यांचं बिऱ्हाड घोड्यांवरच चालायचं ना! मला एकदम ती आठवली. मी ओट्यापाशी गेले, पदर सारखा केला आणि घोडीकडे नाही, भिंतीकडे नाही, त्यांच्याच तोंडाकडे बघून म्हणाले, "आवं मामंजी, धनगराच्या म्हातारीला बोलवू का?"

त्यांनी वर बघितलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि मी त्यांचे डोळे पहिल्यांदा नीट पाहिले. "बोलव, पोरी," ते म्हणाले. "पळत जा."

म्हातारी आली. घोडीभोवती एक फेरी मारली आणि पहिला प्रश्न केला, "केस कुनी काडलं?"

"रिसाल्याचा नेम हाय," मामंजी म्हणाले.

"रिसाल्यात तबेलं व्हतं न्हवं? धा मानसं राबाय व्हती न्हवं? हितं कोन हाय?" मामंजींना दफेदार झाल्यापासून असं कुणी विचारलं नसेल. "आमची घोडी माळावर जल्मत्यात, माळावरच ऱ्हात्यात. देवानं दिल्यालं घोंगडं असतंय त्यांच्या अंगावर. तुमी ते काडून घेतलं आन वरनं आनि धा घातली. रोज खरारा करून अंगाचं तेलबी काडलं. पानी थेट कातड्याला लागतंय की."

म्हातारीनं वाळलेलं गवत मागितलं. गवताचे बोळे करून आम्हा दोघांना घोडीचं अंग चोळायला लावलं, एका बाजूला सासरा, दुसऱ्या बाजूला सून. गरम पाण्यात गूळ आणि सुंठ घालून थोडं थोडं पाजलं. मग तिच्या पाठीवर सुटं गवत पसरलं आणि वरून स्वतःच्या खांद्यावरचं जुनं घोंगडं सैल टाकलं. "गवातनं वारं फिरतंय, घाम वर निगून जातोय, अंग कोरडं ऱ्हातंय," ती म्हणाली. "पट्टा आवळू नगा. सैल असू द्या."

मी सवयीनं आभाळाकडं बघितलं. म्हातारीनं माझं मनगट धरलं. "वर काय बगतीस? आभाळ दिसातनं चारदा खोटं बोलतंय. हात आत घाल." तिनं माझा हात घोंगड्याखाली, घोडीच्या खांद्यामागं सरकवला. "कोरडं आन ऊन-ऊन लागलं तर ऱ्हाऊ दे. ओलं लागलं तर गवात घाल. कानाचं मूळ गार लागलं तर पांघरून घाल. झालं. एवडंच हाय."

तिचं घोंगडं किती वर्षांचं होतं कोण जाणे. खळ कधीच निघून गेलेली, मऊ झालेलं, घोडीच्या पाठीवर अंगासरशी बसलं होतं. मी त्याच्या बदल्यात माझं नवं घोंगडं आणून तिच्या हातात दिलं. आईनं माहेराहून पाठवलेलं. पण ते घोडीच्या कामाचं नव्हतं, आणि माझी हुशारी त्याच्याबरोबर गेलेली बरी. म्हातारीनं ते खांद्यावर टाकलं, हसली आणि घोंगड्यावरून माझं माहेर ओळखून कानडीत म्हणाली, "बरतीनि, यव्वा." येते गं बाई. माहेरचं बोलणं कानावर पडलं आणि मी तिथंच हुंदके देऊन रडले.

म्हातारी येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी घोडीनं मूठभर कडबा खाल्ला. त्या दुपारी मामंजींनी कात्री घेतली आणि आपल्या झुलीचं नमद्याचं अस्तर टाका-टाका उसवून काढलं. पट्टा कापून त्याजागी दोन सैल नाड्या लावल्या. रिसाल्यातून आणलेल्या त्या झुलीचं एक बटण हललं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस! मागे राहिलं नुसतं किंतान, पाऊस आला तरच वरून टाकायला. "घे," ते म्हणाले. मलाच म्हणाले. "दोन पांघरुनं बास झाली. आता तुजं-माजं न्हाई."

तेव्हापासून दिवसातून दहा वेळा मी हात आत घालायचे. जीव थाऱ्यावर नव्हताच, पण हाताला उत्तर मिळायचं. माघात घोडीच्या अंगावर आखूड, दाट केस दिसायला लागले. मामंजींनी खरारा खुंटीला टांगला.

आणि माघ सरता सरता तार आली. येतोय, एवढंच आणि गाडीचा दिवस.

सुनेनं स्टेशनवर जायची पद्धत नव्हती. मामंजी म्हणाले, "घोडी तुज्या हाताखाली नीट चालती. चल." सकाळची गाडी, फलाटावर धुकं, घोडीच्या पाठीवर म्हातारीचं घोंगडं. मी मनात बोलणं जुळवत होते. चौथ्या ओळीबद्दल सगळं ऐकवायचं होतं, किती महिन्यांचं साठलेलं.

गाडीतून एक माणूस उतरला. खाकी कपडे अंगावर लोंबत होते, तोंड पिवळं पडलेलं. मी आधी ओळखलंच नाही. हिवतापानं तीन महिने इस्पितळात होते, हात लिहायला उचलत नव्हता, हे नंतर समजलं. त्यांनी वाकून वडिलांच्या पायाला हात लावला. घोडीच्या मानेला हात लावला. मला वाटलं, आता पहिली ओळ. पण ते वळले आणि वडिलांच्या देखत, हमालांच्या, पोर्टरच्या, सगळ्या फलाटाच्या देखत मला म्हणाले, "तू बरी हाईस का?"

एवढं जुळवलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे. त्यांचे दात वाजत होते. मी घोडीवरचं घोंगडं ओढलं आणि त्यांच्या खांद्यावर टाकलं.

मामंजी रुळांकडे तोंड करून उभे होते. तिकडूनच म्हणाले, "पोरी, आत हात घालून बग. कोरडं हाय का?"

मी हात आत घातला. खांद्यामागं, जिथं म्हातारीनं दाखवलं होतं तिथं. हाताला हाडं लागली, आणि गार घाम. "ओलं हाय, मामंजी," मी म्हणाले.

"मग गवात आन की!" ते ओरडले आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. हसायला लागले, आणि हसता हसता तोंडावर धोतराचा सोगा धरून रडले. मी त्या माणसाला रडताना आधी कधी पाहिलं नव्हतं. ह्यांना काहीच कळेना, आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले.

हे घोडीवर बसले, ठरल्याप्रमाणे. मामंजी लगाम धरून पुढे चालले. मी बाजूनं चालले, हात घोंगड्याखाली त्यांच्या पाठीवर. वाटेत बायका बघत होत्या, बघू दे म्हटलं. घर येईपर्यंत मी हात बाहेर काढला नाही.